मधल्या अक्षरांची वही

लग्न होऊन डोंगरकड्याला आले, त्यानंतर चार वर्षं मी माझ्या सासऱ्यांशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं, रीतच तशी होती. ते ओसरीवर बसले की मी मागच्या दारानं जायचे. पाणी द्यायचं तर तांब्या उंबऱ्यावर ठेवून आत वळायचे. त्यांना मामंजी म्हणायचे, पण तेही सासूबाईंशी बोलताना.

मामंजी इंग्रजीचे मास्तर होते. शाळा कळमनुरीला. निजामाच्या राज्यात बाकी सगळं शिक्षण उर्दूतून चालायचं आणि सुट्टी शुक्रवारी असायची, म्हणून ते गुरुवारी संध्याकाळी घरी येत आणि शनिवारी पहाटे परत जात. माझे यजमान हिंगोली स्टेशनावर मालाच्या कचेरीत होते, ते महिन्यातून एकदा येत. घरात एरवी सासूबाई आणि मी दोघीच.

दुसरी मोठी लढाई संपायच्या सुमाराची गोष्ट. एका गुरुवारी मामंजी आले, बुटाची नाडी सोडायला वाकले आणि तसेच आडवे झाले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. नांदेडहून डॉक्टर आणला. तो म्हणाला, "यांना सगळं ऐकू येतं, सगळं समजतं. बोलायची वाट तेवढी बंद झाली आहे." त्यांच्या तोंडून एकच आवाज निघायचा, 'बा'. तहान लागली तरी बा, राग आला तरी बा. सासूबाईंनी डाव्या हातात पाटीची पेन्सिल दिली, तर पाटीवर नुसत्या रेघा उमटल्या. मामंजींनी पाटी बाजूला सारली आणि भिंतीकडं तोंड केलं.

तीन आठवडे असे गेले. एका सकाळी ते डाव्या हातानं पत्र्याची ट्रंक दाखवू लागले. सासूबाईंनी एकेक वस्तू काढून समोर धरली. धोतर, कोट, हजेरीचं जुनं बुक. प्रत्येकाला मान नकारार्थी हलली. तळाशी एक डबा निघाला. त्यात कापडाच्या ठाणातल्या पुठ्ठ्याचे कापलेले चौकोनी तुकडे होते, आणि प्रत्येकावर शाईनं एक इंग्रजी अक्षर. शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी ते स्वतः केले होते. तो डबा पाहून त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग किती तरी वेळ तुकडे चिवडून त्यांनी तीन अक्षरं गोधडीवर मांडली आणि सासूबाईंकडं पाहिलं.

"मला काय कळतंय यातलं?" त्या म्हणाल्या. "लेकाला बोलवून घेऊ का हिंगोलीहून?"

मी दाराआड उभी होते. माझे वडील हिंगोलीच्या जिनिंगमध्ये कारकून होते. कापसाच्या गाठींवर इंग्रजी अक्षरांचे शिक्के मारलेले असत. त्यावरून त्यांनी मला अक्षरं शिकवली, पुढं एक-दोन पुस्तकंही वाचून घेतली. लग्न ठरवताना मात्र ही गोष्ट सांगितली नव्हती. मुलीला इंग्रजी येतं म्हटल्यावर स्थळ बिचकेल अशी आईला भीती. ते सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं, आणि तरी माझ्या तोंडून निघून गेलंच.

"टी, आर, ए."

मामंजींशी बोललेले माझे पहिले शब्द हे असे. सासूबाईंनी वळून माझ्याकडं पाहिलं. मामंजींनीही पाहिलं. मग त्यांनी त्या तीन तुकड्यांवर बोट आपटलं, म्हणजे पुढं बोल.

पुढं काय बोलणार? टी, आर, ए असा शब्द मला माहीत नव्हता. पण गाठींवर कधी कधी शिक्का अर्धाच उमटायचा आणि राहिलेल्या अक्षरांवरून वडील गिरणीचं नाव ओळखायचे, ते मी पाहिलं होतं. यांच्याही डोक्यात शब्द पूर्ण असेल, हाताला त्यातली तेवढीच लागत असतील, असं मला वाटलं. ही तिन्ही अक्षरं ज्यात आहेत असे शब्द मी आठवू लागले. वॉटर. सासूबाईंनी पाणी आणलं. नको. कार्ट म्हणजे गाडी. नको. ट्रेन म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "लेकाचीच आठवण काढून राहिले." तेही नाही. माझं इंग्रजी तिथं संपलं.

ट्रंकेत मामंजींची इंग्रजी-मराठी डिक्शनरी होती. ती घेऊन मी चुलीपाशी बसले आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की असं पुस्तक किती आडमुठं असतं. शब्दाचं पहिलं अक्षर ठाऊक असेल तरच ते आत येऊ देतं. मामंजींनी दिलेली अक्षरं कुठलीही असू शकत होती, मधली, शेवटची. तेव्हा पहिल्या पानापासून प्रत्येक शब्दाच्या पोटात डोकावण्याशिवाय इलाज नव्हता. दोन दिवस भाकरी थापता थापता मी तेच केलं. सापडलेले शब्द ओसरीत जाऊन, पदर सावरून, खाली बघत वाचायचे. तिसऱ्या दिवशी टीपर्यंत पोचले आणि म्हणाले, "थ्रेड. थ्रेड म्हणजे दोरा."

मामंजींनी डोळे मिटले आणि मान हलवली, हो हो हो.

त्यांच्या चष्म्याची एक काडी मोडलेली होती आणि तिथं ते दोरा बांधून कानाला अडकवत. ते पडले त्या दिवशी दोरा तुटला होता आणि चष्मा आम्ही कोनाड्यात ठेवून विसरून गेलो होतो. तीन आठवडे त्यांना धड दिसत नव्हतं, आणि डॉक्टरानं सांगूनही आम्ही धरून चाललो होतो की त्यांना समजत नाही.

गावात मौलवीसाहेब होते, मामंजींचे जुने दोस्त. गावच्या शाळेत उर्दू शिकवत. शुक्रवारी दुपारची नमाज झाली की आमच्या ओसरीवर येऊन बसायचे. त्यांनी हा प्रकार पाहिला. मी डिक्शनरीचं पान न् पान उलटते हे सासूबाईंनी त्यांना सांगितलं, तर ते हसले.

"सूनबाई," ते दाराकडं न बघता म्हणाले, "आमच्या अरबीच्या लुगतीत, म्हंजे डिक्शनरीत, लफ्ज असा शोधत न्हाईत. लफ्जाच्या पोटात तीन हर्फ, तीन अक्षरं असतात, ते आधी काढायचे. काफ, ते, बे. यांच्यातून किताब निघते, कातिब निघतो, मकतब निघते. सगळे एका घरचे. लुगतीत त्या तीन हर्फांच्या घरी जायचं, तिथं सगळे भेटतात."

"आणि पयलं अक्षर?" मी आतून विचारलं.

"पयल्याला आमच्यात काही मान न्हाई. म आलं, त आलं, ते पाहुणे. घरधनी तीनच."

कातिब म्हणजे लिहिणारा, मकतब म्हणजे शाळा. हे तिन्ही शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण ते एकमेकांचे कोणी लागतात हे मला माहीत नव्हतं. मला त्या दिवशी स्वयंपाकात लक्ष लागेना.

दुसऱ्या दिवशी मी मामंजींची एक कोरी वही मागून घेतली आणि आमच्या डिक्शनरीचीच तशी लुगत करायला बसले. पानाच्या डोक्यावर दोन-तीन अक्षरं लिहायची आणि ती ज्यांच्या पोटात आहेत ते शब्द खाली. इंग्रजीत अर्थातच ते एका घरचे निघाले नाहीत. एकाच पानावर बैलगाडी, तारा आणि उंदीर शेजारी शेजारी बसले. पण कामाला ती वही बराबर उपयोगी पडू लागली. मामंजींनी अक्षरं मांडली की मी पान काढायचे. शब्द चुकीचा लिहिला असेल तर ते नखानं त्याच्याखाली रेघ ओढायचे, आणि मी तो पुन्हा लिहायचे.

एक दिवस त्यांनी के आणि एन मांडले. मी पान काढून वाचू लागले. इंक. दौत समोर ठेवली, नको. बँक. मंकी. नाइफ म्हटल्यावर सासूबाईंनी विळी उचलली, तर त्यांनी हात आडवा केला. नी म्हणजे गुडघा. सासूबाई गुडघा चेपायला सरसावल्या, त्यांनी पाय ओढून घेतला. नॉट म्हणजे गाठ. नो म्हणजे माहीत असणे. मी थकून म्हणाले, "मामंजी, हवंय काय तुम्हाला?"

त्यांनी वही ओढून घेतली आणि नाइफ, नी, नॉट, नो या चौघांवर एकेक करून बोट ठेवलं. चौघांच्याही आरंभी के. मी ते लिहिलं होतं, पण वाचताना उच्चारलं नव्हतं, कारण वडिलांनी तसंच शिकवलं होतं. मामंजींनी केचा तुकडा उचलून मला दाखवला, मग आपल्या ओठांवर बोट ठेवलं. मग तोच तुकडा आपल्या छातीला लावला.

मला जरा वेळानं उमगलं. हे अक्षर शब्दात आहे, पण बोलत नाही. माझ्यासारखं, असं ते सांगत होते. त्यांना काहीही नको होतं. ते शिकवत होते.

आणि ते हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा. तोंड वाकडं झाल्यामुळं ते हसणं एका बाजूनंच आलं, खांदे मात्र दोन्ही हलले. सासूबाई विळी हातात धरून पाहत राहिल्या. "काय म्हणले?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तर त्या चटकन आत निघून गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

नंतरच्या भाद्रपदात त्यांनी तीन अक्षरं मांडली, आर, जी आणि टी. रोज सकाळी तीच. मी डिक्शनरी एपासून पुन्हा काढली. अॅग्रिकल्चर, शेती. नाही. ब्राइट, लख्ख. नाही. सिगरेट म्हणताना मला हसू आलं, कारण ते तंबाखूसुद्धा खात नसत. मग डीमध्ये एक शब्द आला, डॉटर. म्हणजे मुलगी. मी तो वहीत लिहिला, आणि वाचला नाही.

मामंजींना एक मुलगी होती, माझी नणंद. जवळा बाजारला दिलेली. तिचा धाकटा दीर मामंजींच्या शाळेत होता आणि तो इंग्रजीत नापास झाला. तिकडच्या लोकांनी निरोप धाडला की सोयऱ्याचं पोरगं आहे, वरच्या वर्गात ढकला. मामंजींनी ढकलला नाही. शब्दाला शब्द वाढला, आणि सात वर्षं दोन्ही घरांचं जाणं-येणं बंद होतं. त्या माणसांचं नाव या घरात काढायचं नाही, असं मामंजींनी सांगून ठेवलं होतं. मी सून, मला हे लग्नानंतर आठ दिवसांतच शेजारणीनं कानात सांगितलं. म्हणून मी तो शब्द ओलांडून पुढं गेले. ड्राउट, दुष्काळ. फर्गेट, विसरणे. फ्रेट, म्हणजे मालाचं भाडं, हा तर मला गाठींवरून पाठ होता. जीमधली शेवटची बरीच पानं वाळवीनं खाल्लेली होती, म्हणून एचवर गेले. सगळ्यांना नाही, नाही, नाही. चौथ्या दिवशी मामंजींनी रागानं डबा पालथा केला.

तो शुक्रवार होता. मौलवीसाहेबांनी अक्षरं गोळा करून डब्यात भरली आणि वही मागितली. त्यांना इंग्रजी बेताचंच यायचं, पण वाचता यायचं. बोट फिरवत ते खाली आले आणि थांबले.

"हा लफ्ज काहून सोडला?"

त्यांनी दाराकडं पाहिलं, सासूबाईंकडं पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं. मग त्यांनी वही मामंजींच्या पुढं धरली आणि शांतपणे वाचलं, "डॉटर."

सासूबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या, ते सूप थांबलं. मामंजी त्या शब्दाकडं पाहत राहिले. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मग डबा जवळ ओढला आणि एकेक तुकडा शोधून काढू लागले. मांडायला पाव तास तरी लागला असेल. सी, ओ, एम, ई. सगळी अक्षरं होती आणि सगळी आपापल्या जागी होती. इतक्या महिन्यांत त्यांनी पूर्ण मांडलेला तो पहिलाच शब्द.

"कम," मी म्हणाले. "ये म्हणतात."

मौलवीसाहेबांनी तिथंच जावयाला कार्ड लिहिलं, उर्दूत, कारण जावई उर्दूत शिकलेले. मास्तरांनी लेकीची याद केली आहे, एवढंच.

बाराव्या दिवशी बैलगाडी दारात उभी राहिली. वन्सं उतरल्या, दोन लेकरं उतरली, ती आम्ही कुणीच पाहिलेली नव्हती. गाडी हाकत आला होता तोच नापास झालेला दीर, आता मिशा फुटलेला जवान गडी. तो अंगणातच बैलांपाशी रेंगाळला. वन्सं ओसरीच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि त्यांना पुढं येववेना. मामंजींनी मान उचलली आणि म्हणाले, "बा."

"बाय म्हणले मला," वन्सं रडत रडत सासूबाईंना म्हणाल्या. "लहानपणी असंच म्हणायचे." ते सगळ्याच गोष्टींना बा म्हणतात हे आम्ही वन्संना सांगितलं नाही. त्या वेळी त्यांनी कोणत्या अर्थानं म्हटलं होतं, हे आम्हाला तरी कुठं माहीत होतं?

थोड्या वेळानं मामंजींनी खूण करून त्या दिराला आत बोलावलं आणि त्याच्यापुढं तीन अक्षरं मांडली. ए, ई, टी. तो घामाघूम झाला. अक्षरांकडं पाहिलं, मग मामंजींकडं.

"मास्तर, मला इंग्रजी येत न्हाई. तुमीच तर सांगितलं होतं."

मौलवीसाहेब मोठ्यानं हसले, मामंजींचा खांदा हलू लागला, आणि मग तो गडीही हसला. मी आतून म्हणाले की या तीन अक्षरांचं 'ईट' पण होतं आणि 'टी' पण होतं, एक जेवण आणि एक चहा. सासूबाई म्हणाल्या, "मग दोन्ही करा."

मला वाटलं होतं, आर, जी, टीचं काम झालं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी पुन्हा तीच अक्षरं मांडली. मुलगी तर समोर बसली होती. खिडकीपाशी लेकराची वेणी घालत होती. ती नाक मुरडून म्हणाली, "आई, वास कशाचा येऊन राहिला इथं? हे खिडकीखालचं गटर कुणी साफ केलं न्हाई का?"

मामंजींनी डाव्या हातानं बाज बडवायला सुरुवात केली. "बा, बा, बा."

मी डब्याकडं धावले. गटर हा शब्द इंग्रजी आहे हे मला माहीतच नव्हतं. हिंगोलीत आमच्या घरापुढून गटर वाहायचं, मला तो शब्द भाकरी, तांब्या यांच्यासारखाच घरचा वाटायचा. इंग्रजी शब्द शोधायला मी मराठीत कशाला बघू? जी, यू, टी, ई, आर असं मी अंदाजानं मांडलं. मामंजींनी हो म्हणून मान हलवली, आणि मग डब्यातून आणखी एक टी काढून पहिल्या टीच्या शेजारी ठेवला.

वन्संच्या लक्षात सगळं यायला थोडा वेळ लागला. "म्हंजे मला बोलावलंच न्हवतं? गटर साफ करा म्हणत होते?"

"गटर तर म्हणतच होते," सासूबाई म्हणाल्या. "पण ते 'ये' कुणाला म्हणले? गटराला?"

दिरानं फावडं घेऊन गटर उपसलं. वन्सं महिनाभर राहिल्या.

मामंजी त्यानंतर दोन हिवाळे काढून गेले. शेवटी शेवटी अक्षरं मांडायचीही ताकद नव्हती. मी वही वाचायचे आणि ते ऐकायचे. एकेका पानावर न जुळणारे शब्द एकत्र बसलेले ऐकायला त्यांना आवडायचं. पुढं अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांची धामधूम वाढली तेव्हा यजमानांनी आम्हा दोघींना वऱ्हाडात, वाशीमला नातलगांकडं नेऊन ठेवलं. पोलीस अॅक्शन झाल्यावर परत आलो.

मौलवीसाहेब गावातच होते, पण घराबाहेर पडत नव्हते. त्यांच्या लोकांवर ते दिवस कठीण होते. दोन शुक्रवार गेले, ओसरी रिकामीच राहिली. तिसऱ्या शुक्रवारी सासूबाईंनी भाकरी आणि वांग्याची भाजी फडक्यात बांधली आणि म्हणाल्या, "तू जा घेऊन. मी येते संगं." दुपारच्या उन्हात आम्ही दोघी गावातून चालत त्यांच्या दारी गेलो. लोकांनी पाहिलं. पाहू दिलं.

त्यांनी दार थोडंसं उघडलं. दाढी पार पांढरी झाली होती. जेवणाचं फडकं घेतलं. मग मी विचारलं, "ती तीन हर्फांची लुगत आहे का अजून?"

"आहे की."

"मला अलिफ-बे शिकवाल?"

ते आत गेले आणि जाडजूड पुस्तक घेऊन आले. आम्ही त्यांच्या ओट्यावर टेकलो. त्यांनी मातीत काडीनं तीन अक्षरं काढली, ऐन, लाम, मीम. "यातून इल्म निघतो," ते म्हणाले, "इल्म म्हंजे ज्ञान. आता तुमी सांगा, आणखी काय निघतं? तुमच्या बोलण्यातलेच लफ्ज आहेत."

मी विचार करू लागले. मालूम, मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली. आणखी? सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, उर्दूही नाही आणि मराठीही नाही. त्या ओठांत काही पुटपुटत होत्या.

"तालीम?" त्या म्हणाल्या. "पोरं कुस्ती खेळतात ती?"

"बराबर," मौलवीसाहेब म्हणाले. "तीच ती. आमी शिकण्याला तालीम म्हणतो, तुमी कुस्तीला." आणि त्यांनी काडी सासूबाईंच्या हातात दिली.